गोठ्यातलं डेरगं

नथ्थू आबांच्या गोठ्यात, कडब्याच्या मागे, गोणपाटाखाली कोणीतरी एक कोरं डेरगं, मातीचं बारकं मडकं, लपवून ठेवलं होतं. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती.

लताबाईंनी गोणपाट ओढलं ते बसायला म्हणून. हाताला गार माती लागली. त्यांनी वाकून पाहिलं, बोटाने टिचकी मारली. लाल, पक्कं भाजलेलं, कुठे चीर नाही. आत पांढऱ्या फडक्याची घडी.

त्या तशाच उभ्या राहिल्या.

आखाजीला खानदेशात घरोघर पितरांची घागर भरतात. तिच्यावर आंबा ठेवतात, सांजोरी ठेवतात. ती घागर घरातल्या सगळ्या गेलेल्यांची मिळून. डेरगं मात्र एकट्याचं असतं. वर्षभरात घरातलं माणूस मेलं असेल, तर त्याच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाचं डेरगं भरायचं. त्या दिवशी ते माणूस पाण्याला येतं. डेरगं नसलं तर तहानेलं माघारी जातं.

आणि या घरात वर्षभरात कोणीही मेलं नव्हतं.

लताबाईंनी गोणपाट होतं तसं झाकलं. हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन नळावर चूळ भरली, जणू त्याच कामाला गेल्या होत्या.

त्या नशिराबादच्या. शाळेत चार दिवस गेल्या असतील, पण घरात त्यांना विचारल्याशिवाय कुणी बैल विकत नव्हतं की सोयरीक जुळवत नव्हतं. मार्गशीर्षात त्यांचा नवरा गेला. तेव्हापासून त्या रडल्या नव्हत्या. आल्यागेल्यांनी रडायचं, यांनी चहा ठेवायचा. आत काही हलतच नव्हतं. आखाजी जवळ आली तशी पोरं म्हणू लागली, बापाचं डेरगं भरायचं, तू समोर बस. लताबाई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही भरा," आणि पिशवी घेऊन हिंगणदरला मामेबहिणीकडे, ताईबाईकडे आल्या.

हिंगणदर म्हणजे तापीच्या काठाला टेकलेलं बारकं गाव. एक बाजारपेठ, एक बँक, एक दवाखाना आणि कामाशिवाय ओट्यावर बसलेली माणसं भरपूर. खाली बंधारा, त्यामुळे वैशाखातसुद्धा नदीला पाणी. पलीकडे नजर जाईल तिथवर केळी. लताबाई सकाळी घाटावर पाय पाण्यात सोडून बसत, दुपारी झोपत, संध्याकाळी परत घाटावर. बोलायला आबा. ताईबाईचा नवरा, गावात कुणाचं भांडण असो, मिटवायला यांनाच बोलावतात असा माणूस. आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. डांगर, म्हणजे खरबूज कापायचे, गोड फोड लताबाईंच्या हातावर ठेवायचे.

इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. म्हणून तर त्या डेरग्याचा त्यांना राग आला.

घरात मेलेलं कोणी नव्हतं, पण नसलेलं एक होतं. आबांचा थोरला, भूपेंद्र. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याचा पत्ता नव्हता. सुरतेला बाई ठेवली, तिच्याकडे गेला, असं सगळं गाव म्हणत होतं. त्याची बायको कोकिळा ते ऐकत होती. ताईबाईने ठरवून टाकलं होतं: नवरा सांभाळता आला नाही, ती घर काय सांभाळणार. उद्या आखाजीचा नैवेद्य झाला की कोकिळाने बोदवडला माहेरी जायचं आणि तिकडेच राहायचं. डिंपल इथे राहील. पोर दुसरीत होती.

कुणीतरी या घरात असं होतं, ज्याला भूपेंद्र मेल्याचं माहीत होतं. आणि तो माणूस कोकिळाची पिशवी भरली जाताना गप्प बसला होता.

किंवा तो माणूस म्हणजे कोकिळाच होती.

कोकिळा चुलीपुढे सांजोऱ्या लाटत होती. लताबाई पाट ओढून बसल्या.

"कोकिळा, भूपेंद्र गेला त्या दिवशी काय नेलं त्यानं?"

"काही नही, मावशी."

"काही नही म्हणजे?"

"चार्जर भिंतीले तसाच. लायसन डब्यात. गाडी अंगणात. पायातली चप्पल शेतातली, चिखलाची. तीच घालून गेले."

"पोलिसांले सांगितलं हे?"

"सांगितलं. ते म्हणे, सुरतेत चार्जर मिळतात." तिने लाटणं थांबवलं नाही. "मग मीच गप बसले."

"फोन लावते का त्याले?"

"रोज लावते. बंद येतो. तरी लावते."

तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. लताबाईंना ती नजर ओळखीची वाटली. आरशात पाहिली होती.

"घागर कोणी आणली यंदा?"

"आत्याबाईंनी. बाजारातून."

"एकच?"

"एकच लागते ना?" कोकिळाने मान वर केली. "कायले विचारता?"

"म्हातारीले विचारायची खोड असते. डिंपल कुठी आहे?"

"झोक्यावर. दुसरीकडे कुठी जाणार? शेतात मी तिले पाय ठेवू देत नही. केळीत साप फिरतात."

लताबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. त्याला एक शिवी घालून त्या बाहेर पडल्या.

चौकीवर हवालदार राजदीप तायडे एकटाच होता. नुकता बदलून आलेला, चेहऱ्यावरची शाळा अजून गेलेली नव्हती. त्याने खुर्ची पुसून दिली.

"बसा आजी. चोरी झाली का?"

"भूपेंद्र सुरतेले गेला, हे कोणी सांगितलं तुले?"

"माझ्या आधीची केस आहे ती. पण सगळ्या गावाने पाहिलंय त्याला जीपमध्ये बसताना."

"सगळ्या गावाचं नाव काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाहणाऱ्याचं नाव सांग. गावाले डोळे नसतात."

राजदीपने कपाटातून कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. "जबाब अभिमनचा आहे. धाकट्या भावाचा."

"त्यानं पाहिलं?"

"'समजले' असं लिहिलंय." तो जरा ओशाळला. "आजी, तुम्हाला काय कळलंय?"

लताबाईंनी डेरग्याचं सांगितलं. राजदीप ऐकत राहिला.

"आमच्यात घागर भरत नाहीत," तो म्हणाला. "पण माझ्या वर्गातली पोरं भरायची. जिवंत माणसाचं डेरगं कोणी भरत नाही, एवढं मला कळतं. येऊ का घरी? सगळ्यांना समोर बसवतो."

"बसवून काय करशील? बठ्ठे मान हलवतील आणि ते मडकं आज नदीत जाईल. गप बस. मी बोलावते."

अभिमन निंबाखाली पत्ते कुटत होता. आखाजीला पत्ते खेळले तर कोणी बोलत नाही, म्हणून जे वर्षभर खेळतात ते त्या दिवसांत जास्तच खेळतात. त्याची बायको पाचोऱ्याला माहेरी गेली होती. त्यामुळे आवाजाला लगाम नव्हता.

"ये मावशी, पान घे!"

"तुह्या बापाले शोभतील असे उद्योग कर. उठ इकडे."

तो हसत उठला. कोकिळाचं नाव निघताच हसू गेलं.

"तिची बाजू घेऊ नको मावशी. माझा भाऊ घर सोडून गेला तिच्यापायी."

"गेला हे तू पाहिलं?"

"मायनं सांगितलं."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू कुठी होता?"

"बऱ्हाणपूरले. केळीची गाडी घेऊन. तिसऱ्या दिवशी आलो तर इकडे हा तमाशा. वरून विहीर बुजवलेली."

"कोणती विहीर?"

"नदीकाठच्या शेतातली. आजोबानं खोदलेली." त्याचा आवाज आणखी चढला. "भर पावसाळ्यात! लोक नालीचं पाणी वळवून विहिरीत सोडू राह्यले, का जमिनीत मुरलं पाहिजे, उन्हाळ्यात केळी जगली पाहिजे. आणि आमची बुजवली. आबा म्हणे, कडा ढासळल्या. कुठी ढासळल्या? मी महिनाभर बोललो नाही घरात त्या पायी. अजून म्हणतो, उकरू. बोअरवाल्यालेबी दाखवून आणली जागा."

"उकरायले कोणी नको म्हणतं का?"

"आबा म्हणतात, राहू दे."

लताबाईंनी त्याच्या पाठीत एक हलकी चापट मारली. "जा, तुह्ये पत्ते थंड झाले."

ताईबाई माळवदावर कुरडया उलथत होती. खाली न पाहताच बोलली. "अक्का, तू तिच्याजवळ बसून काय कुजबुजते? उद्या जाणारी आहे ती."

"तुले कोणी सांगितलं भूपेंद्र सुरतेले गेला?"

"तोतारामनं. सालदार आमचा. शेतातून धावत आला होता." ताईबाईने एक कुरडई मोडली आणि तसाच तुकडा हातात धरून ठेवला. "माह्या लेकानं मले सांगितलंबी नही, अक्का. इतकी का वाईट मी? यंदाचा पहिला आंबा काढून ठेवला त्याच्यासाठी. सडला. तरी फेकला नही."

लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ताईबाई लहानपणापासून खोटं बोलली की कान लाल व्हायचे तिचे. आज कान पांढरेफटक होते.

तोताराम गोठ्याच्या दारात बैलाचं खूर पाहत बसला होता. आखाजीला सालदाराचं साल संपतं. उद्या तो मोकळा. दुसऱ्या मालकाशी बोलणंही झालं होतं, म्हणून जीभ जरा सैल होती.

"भूपेंद्र जीपमध्ये बसताना तू पाहिला?"

"मी कायले पाहू? पोळ्याच्या सुट्टीवर होतो मी, एक दिवस उशिरा शेतात आलो. तथीच बोलणं निघालं, का भूपेंद्रभाऊ काल सकाळी जीपनं सुरतेले गेले. मी येऊन बाईंले सांगितलं."

"विहीर बुजवली तेव्हा तू होता?"

"ट्रॉलीनं माती मीच ओतली ना. आबा म्हणे, कुत्रं पडलं आत. सडलेलं."

"पाहिलं का कुत्रं?"

"कुठून दिसणार? वरून केळीचे खांब टाकलेले होते आधीच. पार थर."

"वास?"

तोतारामने नाक खाजवलं. "वास… नव्हता. तेच मले बी वाटलं. आणि एक वाटलं, मावशी. खांब घडासकट टाकले होते. घड अर्धे भरलेले, हिरवे. महिनाभरात कापणीले आले असते. असं कोणी करतं का?"

"नही करत," लताबाई म्हणाल्या. "तू आता गप. उद्या दुपारपर्यंत गप. मग बोंबलत फिर."

संध्याकाळी घाटावर वारा पडलेला होता. नदी हलत नव्हती. आबा आले, नेहमीसारखे, हातात डांगर नि चाकू.

"अक्का, आज शांत?"

"थकले. आबा, ही पलीकडची केळी इतकी हिरवी कशी?"

"पाणी मुरवलं त्यांनी. पावसाळ्यात विहिरी भरून घेतल्या." आबांनी फोड कापली, तिच्या बिया बोटाने काढल्या. "माणसानं जमिनीले पाणी पाजलं तर जमीन माणसाले पाजते."

"तुमची विहीर कुठी मग?"

"बुजवली." फोड लताबाईंच्या हातावर आली. "डिंपल खेळत खेळत तथी जायची. लेकरू आहे. पडलं-झडलं तर?"

"खरं आहे," लताबाई म्हणाल्या, आणि फोड खाल्ली. गोड होती.

"कोकिळाले उद्या पाठवणार?"

आबा नदीकडे पाहत राहिले. "ताईबाई ठरवते घरातलं. मी कायले मधात पडू."

घरी आल्यावर लताबाईंनी राजदीपला फोन लावला. "उद्या सकाळी आबांच्या नदीकाठच्या शेतात ये. साध्या कपड्यात. फावडी घेऊन माणसं आत्ताच नको. आधी नुसते कान घेऊन ये. मध्ये बोलू नको."

आखाजीच्या सकाळी घरात घागर भरली गेली. आबांनी पूर्वजांची नावं घेतली, उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उठवली. ताईबाईने सांजोरी ठेवली. सगळं रीतीप्रमाणे. मग आबा म्हणाले, "केळीले पाणी देऊन येतो," आणि मागच्या दाराने निघाले. गोठ्याच्या बाजूने.

लताबाई अभिमनला घेऊन आधीच शेतात पोचल्या होत्या. बांधावर बाभळीखाली त्या बसल्या. अभिमन आणि राजदीप केळीच्या ओळीत उभे. अभिमनला कशाला आणलंय हे सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं, की तोंड उघडलंस तर दात राहणार नाहीत.

जिथे विहीर होती तिथे जमीन जरा खोल बसली होती. तिच्यावर केळी लावलेली नव्हती. सगळ्या शेतात तेवढाच तुकडा रिकामा.

आबा आले. खांद्यावर डेरगं. नदीच्या पाण्याने भरलेलं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. लताबाई दिसल्या तसे ते थांबले. डेरगं खाली ठेवलं नाही.

"अक्का, तू इथं?"

"तुमची वाट पाहत होते. कोणाचं डेरगं हे, आबा?"

"असंच. एक जुना गडी होता माह्या…"

"नका बोलू खोटं. तुम्हाले जमत नाही ते. एका विहिरीची तीन कारणं दिली तुम्ही. अभिमनले सांगितलं कडा ढासळल्या. तोतारामले सांगितलं कुत्रं सडलं. मले सांगितलं डिंपल खेळते. डिंपलनं हे शेत पाहिलं नाही. कुत्र्याले वास नव्हता. आणि कडा ढासळल्या असत्या तर हा पोरगा महिनाभर रुसून बसला नसता."

आबांनी खांद्यावरचं डेरगं सावरलं.

"काल मी घरभर हिंडले. भूपेंद्र सुरतेले गेला, हे बठ्ठे सांगतात. पाहिलं कोणी? अभिमनले मायनं सांगितलं, मायले तोतारामनं सांगितलं, तोतारामले शेतावर कळलं. शेतावर त्या दिवशी होतं कोण? अभिमन बऱ्हाणपूरले गाडी घेऊन. राहिले तुम्ही. गावाचे डोळे म्हणजे तुमचे दोन डोळे, आबा. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून कोणी विचारलंबी नही."

"मग घरात एवढी माणसं, हे डेरगं माह्यावरच कसं आलं म्हणते?"

"मडक्यानंच तर सांगितलं. पहिले मले कोकिळाचा संशय आला. पण ती रोज बंद फोन लावते. ताईबाईचा आला, तर ती सडका आंबा जपून बसली आहे. अभिमन तर विहीर उकरायची म्हणतो. आत काय आहे हे माहीत असतं तर त्यानं बोअरवाल्याले जागा दाखवली असती का? आणि तोताराम. त्याले फक्त अर्धे भरलेले घड दिसले. केळीवाला माणूस भरता घड कापत नाही, आबा. घरात आग लागली तरी कापत नाही. तुम्ही हातानं कापले, कारण तोताराम माती घेऊन यायच्या आत तुम्हाले काहीतरी झाकायचं होतं."

वारा नव्हता. केळीची पानं लोंबत होती.

"पोलिसांले फसवलं, गावाले फसवलं, बायकोले फसवलं," लताबाई म्हणाल्या. "आखाजी आली तेव्हा मात्र जमलं नाही. लेक तहानेला येईल नि माघारी जाईल, हे सहन झालं नाही. मी माझ्या माणसाचं डेरगं सोडून पळून आले, आबा. तुम्ही चोरून आणलं. आपण दोघं एकाच मापाचे. पण मी कोणाले विहिरीत टाकलं नाही."

आबा सावकाश खाली बसले. डेरगं मांडीवर धरून.

"टाकलं नाही मी," ते म्हणाले. आवाज घाटावरचाच, मऊ. "काठावरची माती वीटभट्टीवाल्यांले देऊन आला होता. मले न विचारता. दुसऱ्या दिवशी मशीन येणार होतं. ही माती, अक्का, माह्या बापानं टोपल्यानं आणलेली. मी हात धरला, त्यानं झटकला, मी ढकललं. मागं विहीर होती."

"आणि?"

"कमरेइतकं पाणी होतं. पाय मोडला असंल. हाका मारत होता, 'आबा, दोर टाका.'"

"दोर नव्हता?"

"होता. मोटारीजवळ. हातात घेतला होता मी." आबांनी तळवा उघडून पाहिला. "घेऊन उभा राह्यलो. मनात आलं, हा वर आला तर उद्या माती जाईल. फक्त एवढंच आलं मनात. जरा उभा राहतो म्हटलं. मग बघता बघता दिवस मावळला. मग हाक बंद झाली."

केळीतून अभिमन बाहेर आला. तो ओरडला नाही. ओरडेल म्हणून राजदीपने त्याचा दंड धरला होता, पण धरायची गरज पडली नाही. तो आबांसमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, जसं अनोळखी माणसाला पाहतात.

"साहेब," आबा राजदीपला म्हणाले, "येतो मी. एवढं डेरगं ठेवू द्या. मग येतो."

राजदीपने लताबाईंकडे पाहिलं.

अभिमनने वाकून डेरगं आबांच्या मांडीवरून उचललं. "तुमच्या हातचं पाणी तो पिणार नही," तो म्हणाला.

रिकाम्या तुकड्यावर त्याने स्वतः ते ठेवलं. फडकं सोडलं. भावाचं नाव घेतलं. पुढे काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. लताबाईंनी हळू आवाजात सांगितलं, तो मागून म्हणत गेला. राजदीप चार पावलं मागे, बूट काढून उभा होता.

मग त्याने फोन लावला आणि माणसं मागवली.

लताबाई एकट्याच घरी परतल्या. निंबाला झोका टांगलेला होता, पोरी गात होत्या, डिंपल त्यांच्यात. दारात कोकिळाची पिशवी बांधून ठेवलेली. ताईबाई तिच्या शेजारी उभी.

"अक्का, हे कुठी राहिले? नैवेद्य थंड झाला. हिची बस चुकेल."

"ताईबाई, बस खाली."

"काय झालं?"

लताबाईंनी सांगितलं. गोल फिरवून सांगायची त्यांना सवय नव्हती. भूपेंद्र कुठे आहे, कोणी ठेवलं, पोलीस कुठे आहेत. दोराचंही सांगितलं. उद्या गाव सांगेलच, तेव्हा तिखटमीठ लावून सांगेल.

ताईबाईने ऐकलं. मग ती लताबाईंवर धावून आली. "खोटं! माझ्या घरचं खाल्लं आणि माझं घर बुडवलं! निघ! निघ माझ्या घरातून!" तिने लताबाईंचा दंड धरला, ओढला, आणि मध्येच हात गळून पडला. ती उंबऱ्यावर बसली, सकाळच्या ओल्या कुंकवावरच. पातळाला लाल बोटं लागली. तिला कळलं नाही.

कोकिळा रडली नाही. तिने भिंतीला टेकून ठेवलेली पिशवी उचलली, आत नेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. एकेक लुगडं परत घडीवर बसत होतं. मग ती तांब्या घेऊन आली आणि सासूपुढे ठेवला.

ताईबाईने तिच्याकडे पाहिलं. इतके महिने जिला ती निघ म्हणत होती, तिच्याकडे.

"मी कुठी जाणार नही, आत्याबाई," कोकिळा म्हणाली. "हे घर माझ्या माणसाचं आहे."

बाहेर पोरींचं गाणं थांबलं होतं. कोणीतरी शेताकडून पळत येत होतं.

कोकिळाने सासूच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला उठवलं.

"तुम्ही बी राहा," ती म्हणाली. "आता आत चला. लोक येतील."